दोन कुलपांची बॅटरी

माझा स्वभाव संशयी आहे, लहानपणापासूनच. दाराला कडी लावली तरी परत जाऊन ओढून बघते. दूध नासलं तर आधी दूध घालणारीवर, मग भांड्यावर आणि शेवटी मांजरावर वहीम घेते. नवरा म्हणायचा, हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. तो हसण्यावारी न्यायचा आणि मीही हसायचे. पण या स्वभावाने एकदा माझ्या हातून जे करवलं, ते सांगताना अजून मला हसू येत नाही.

वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. नव्वदचं दशक संपत आलं तरी विजेचे खांब खालच्या गावातच थांबलेले होते. आमच्या घरात मात्र उजेड होता, कारण सासऱ्यांनी हयातीत कचेरीचे खेटे घालून सरकारी योजनेतून एक सोलर मिळवलं होतं. कौलांवर एक प्लेट, ओटीवर लाकडी पेटीत बॅटरी आणि आत दोन दिवे. पेटीला समोर एक भोक होतं, त्यातून आतल्या डबीवरचे तीन ठिपके दिसायचे, लाल, पिवळा आणि हिरवा. हिरवा पेटला की बॅटरी भरली असं समजायचं. सासरे दर अमावस्येला ती पेटी उघडायचे. त्या दिवशी औत धरत नाहीत, म्हणून हे काम त्या दिवसाला लावून दिलेलं. फडक्याने पुसायचे, बॅटरीची झाकणं फिरवून आत डोकवायचे आणि बाटलीतलं कसलंसं पाणी जपून घालायचे. आम्ही दोघी जावा लांबून बघायचो. ते पाणी कसलं आणि कशासाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुरुषांचं काम, आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं.

सासरे गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. थोरले दीर शेती बघायचे, माझा नवरा पुण्यात एका कारखान्यात होता आणि शनिवारी घरी यायचा. कष्ट एकाचे आणि पगार दुसऱ्याचा, यावरून कुरबूर वाढत गेली एवढंच. खाचरं वाटली, गुरं वाटली, हंडे-कळशा वाटल्या. मधे भिंत घातली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, त्याही महिन्याच्या बोलीने वाटल्या, एक महिना तिकडे, एक महिना इकडे. सोलरपाशी मात्र पंच अडले. प्लेट एक, बॅटरी एक, ती चिरायची कशी?

मग पंचांतल्या एका म्हाताऱ्याने तोड काढली. ओढ्याच्या पाटाचं पाणी आम्ही पाळीने घेतो, तसाच उजेडही घ्यायचा. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. आणि देवळाच्या दानपेटीला जशी दोन कुलपं असतात, एकाची किल्ली पुजाऱ्याकडे आणि दुसऱ्याची पंचांकडे, तशीच बॅटरीच्या पेटीला दोन कुलपं घालायची. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही, मग कुणी कुणाचं घेण्याचा प्रश्नच नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर ही युक्ती इतकी आवडली की माझं कुलूप मी स्वतः बाजारातून आणलं, चांगलं पितळी, आणि ओढून बघून घेतलं.

भिंत झाल्यावर माझा दिवा मागच्या खोलीत न्यावा लागला. नवऱ्याने पुण्याहून कसलीशी बारीक वायर आणली, जुन्या वायरीला पीळ घालून जोडली, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि दिवा लावून दाखवला. लागला म्हटल्यावर आम्ही दोघं खूश झालो.

आता माझ्या अडचणीचं सांगते. माझी शाळा नववीत सुटली होती, लग्नामुळे. वाडीला अंगणवाडी मंजूर होणार आणि सेविका वाडीतलीच, पण दहावी पास पाहिजे, असं कानावर आलं. वाडीत दहावी पास अशी एकही सून नव्हती. मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचं. सबंध दिवस शेण, पाणी, चूल, गुरं आणि आत्याबाईंचं औषधपाणी यात जायचा. अभ्यासाला वेळ मिळायचा तो दिवेलागणीनंतर, जेवणं आटोपल्यावर दोन-अडीच तास. त्यात गणित माझा जुना वैरी. ही परीक्षा सुटली तर आपल्या नावाने महिन्याचा पगार होईल, कुणाच्या हाताकडे बघावं लागणार नाही, हे एकच डोक्यात होतं. त्यामुळे दिव्याचं एकेक मिनिट माझ्या जिवाशी बांधलेलं होतं.

आणि दिवाच कमी पडायला लागला. वाटणीच्या पहिल्या पावसाळ्यात ढगांमुळे असेल म्हणून सोडून दिलं. पण दिवाळी गेली, ऊन लख्ख पडू लागलं, तरी माझ्या दिवशी दिवा दोन तासांच्या आत पिवळा पडायचा आणि मग डोळा मारल्यासारखं करून विझायचा. जाऊबाईंच्या दिवशी मात्र त्यांच्या दाराच्या फटीतून स्वच्छ पांढरा उजेड ओटीवर पडलेला दिसायचा. प्लेट तीच, बॅटरी तीच, मग त्यांना पांढरा आणि मला पिवळा का? मला खात्री पटली की कुठंतरी पाणी मुरतंय.

भर म्हणून पेटीतला हिरवा ठिपका. पूर्वी तो दुपारी दोन-तीनला लागायचा. आता दहा वाजताच हिरवा! मी म्हणे, दहालाच बॅटरी तुडुंब भरते, तर दिवेलागणीला रिकामी कशी? मधल्या वेळात कुणीतरी उपसतंय. जाऊबाईंचा थोरला मुलगा नुकताच एक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. तो सेलवर चालतो असं ते सांगायचे. सेल कुणी बघितलेत?

मग मी तपासाला लागले. पेटीच्या झाकणावर सकाळी रांगोळीची बारीक भुकटी पसरून ठेवायचे, हाताचा ठसा उठतो का बघायला. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी ठसे उठले ते मांजराचे. कडीतून दोरा ओवून ठेवला, तोही जसाच्या तसा. माझ्या दिवशी त्यांच्या दाराच्या फटीकडे डोळा लावून बसायचे, भांडी घासायचं निमित्त करून ओटीवर घुटमळायचे. त्यांच्या घरात चिमणीचा मिणमिणता तांबडा उजेड दिसायचा, रॉकेलचा. तरी माझं समाधान होत नव्हतं. पुरावा सापडत नाही म्हणजे चोर हुशार आहे, एवढंच माझ्या डोक्यात बसायचं. संशयी माणसाला आपलं डोकं फार चालतं असं वाटत असतं.

जाऊबाईंबद्दल एक सांगायला हवं. मी त्यांना अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा भात लावायला मला त्यांनी शिकवलं, चिखलात पाय कसा टाकायचा ते हाताला धरून दाखवलं. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा तीन आठवडे त्यांनी मला चुलीपुढे बसू दिलं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. संशयाच्या वेळी ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण मी त्याचाही अर्थ लावला. इतकी चांगली बाई वाटणीनंतर एवढी गप्प का झाली? मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस गप्प होत नाही, असं मी ठरवून टाकलं.

महाशिवरात्रीच्या सुमारास मी एक डाव टाकला. पाटाच्या पाण्यात तसं चालतं, आज तुझी पाळी तू सोडलीस तर पुढे कधीतरी भरून मिळते. मी अक्कांना जाऊन सांगितलं की आता मी माझे दहा दिवस दिवा लावणार नाही. ते राखून ठेवते. परीक्षेच्या आधीचा पंधरवडा मात्र सलग माझा, तुमचे दिवस त्यात धरायचे नाहीत. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच. मला तेही खटकलं. इतक्या लवकर हो म्हणाल्या म्हणजे काय?

माझे ते दहा दिवस मी चिमणीपाशी बसून काढले. डोळ्यांना पाणी यायचं, नाक काजळीने काळं व्हायचं, भूमितीच्या आकृत्या एकमेकींत मिसळायच्या. पण मनात गोड वाटायचं की बॅटरीत माझे दहा दिवस साठताहेत, कणगीत भात साठावं तसे. रोज सकाळी भोकातून बघायचे, दहाच्या आत हिरवा. आता तर नऊलाच हिरवा. मी म्हटलं, बघ कशी भरलीय.

पंधरवड्याचा पहिला दिवस आला. चूल आटोपून, हात-पाय धुऊन, वह्या मांडून मी बसले आणि बटण दाबलं. दिवा लागला. गणिताचं एक उदाहरण झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला हातचा धरला होता तोवर दिवा पिवळा पडला आणि विझला. घड्याळात पाऊण तासही झाला नव्हता.

मी तशीच अंधारात उठले, ओटीवर गेले आणि अक्कांचं दार वाजवलं. दार उघडलं. आत चिमणीच होती. थोरले दीर जेवत होते, आत्याबाई त्या महिन्यात माझ्याकडे असूनही तिथंच बसल्या होत्या.

"अक्का, माझं दहा दिवसांचं राखलेलं कुठं गेलं?" मी विचारलं.

त्यांना कळलंच नाही आधी. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय इचारतीस? तुज्या दिसाला म्या बटनाला हातबी लावला न्हाई." मी म्हटलं, पेटीला दोन कुलपं, पण वायर तर भिंतीतून जाते, वायरीला कुलूप नसतं. दीर ताटावरून उठले. आत्याबाई म्हणाल्या, गप ऱ्हावा दोगी. पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. माझी परीक्षा बुडवायचा घाट घातलाय, मी पगार आणला तर तुमच्या पोटात दुखेल, असं मी बोलले. शेवटी मी म्हणाले, खरी असाल तर उद्या देवळात चला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून भंडारा उचला.

आमच्याकडे भंडारा, म्हणजे देवीपुढची हळद, उचलून शपथ घेणं ही शेवटची पायरी. त्यानंतर माणूस माणसाला काही विचारत नाही, मग देवाकडे सोपवलं जातं. आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणजे त्याच्याही पुढची गोष्ट. हे मी रागाच्या भरात बोलले असं आता म्हणायला सोपं आहे. खरं सांगायचं तर मी ते आठ दिवस आधीच मनात ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पाच वर्षांच्या धाकट्या मुलीला घेऊन देवळात गेल्या. मी होते, आत्याबाई होत्या, पाणी भरायला निघालेल्या चार बायका थांबल्या होत्या. अक्कांनी डावा हात मुलीच्या डोक्यावर ठेवला, उजव्या मुठीत भंडारा घेतला. म्हणाल्या, "हिच्या वाटणीचा एक मिंटाचा उजीड म्या घेतला असंल तर..." पुढचं त्यांच्याच्याने बोलवलं नाही. भंडारा देवीच्या पायावर ठेवला, मुलीला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

तरी माझा विश्वास बसला नाही. त्याच्यावर कडी म्हणजे, तिसऱ्या दिवशी त्या मुलीला ताप भरला. रात्रंदिवस कण्हत होती, भिंतीतून ऐकू यायचं. आणि मी, एक बाळ गेलेली बाई, चुलीपुढे बसून आत्याबाईंना म्हणाले, देवीनं दाखवलं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि पलीकडे जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून अक्कांनी ओटीवर येणं सोडलं, मागच्या दाराने जा-ये करू लागल्या. मुलीचा कान फुटला होता, तापाच्या तिसऱ्या दिवशी वाहून मोकळा झाला आणि ताप उतरला. मी मनात म्हटलं, देवीने दया केली. स्वतःकडे बोट वळवायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

माझं माहेर आंबवड्याकडचं. भावाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून मी एका दिवसापुरती निघाले. भोरची एसटी धरायला कापूरहोळला उतरावं लागायचं. तिथे फाट्यावर ढाब्यांच्या रांगेत एक बॅटरीचं दुकान होतं. बाहेर ट्रकच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, दुरूनच नाकात शिरणारा ॲसिडचा वास. मालक पन्नाशीचे, पांढरी दाढी, हाताची बोटं ॲसिडने डागाळलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. एसटीला वेळ होता. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं की बॅटरीतली वीज कुणी चोरली, तर ती कशी पकडायची?

त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारत गेले. सोलर किती वर्षांचं? दिवे किती? हिरवा किती वाजता लागतो? मी नऊला म्हटलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग विचारलं, "पाणी कदी घातलं शेवटचं?"

मी म्हटलं, पेटीला दोन कुलपं आहेत, वाटणीपासून उघडलेलीच नाही.

मग मी राखून ठेवलेल्या दहा दिवसांचं सांगितलं. चाचांनी मला बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. म्हणाले, "ताई, हंडा भरल्यावर नळ चालू ठिवला तर पाणी हंड्यात ऱ्हातं का? वरनं वाहून जातंय. तुमी दिवा लावला न्हाई म्हंजी हंडा भरलेलाच हुता. दुसऱ्या दिवशीचं ऊन आलं ते तसंच माघारी गेलं." आणि हंडा न वाहता सुद्धा जेवढं घालतो तेवढं परत मिळत नाही. दहा भाकरीचं पीठ मळलं तरी थोडं परातीला लागतं, थोडं हाताला, थोडं तव्यावर जळतं. बॅटरी भरताना खाते, देताना खाते, वायर खाते, गंजलेला जोड खातो. यात चोर कुणी नसतो. नवी असली तर कमी खाते, वाळलेली असली तर जास्त. आणि नऊला हिरवा लागतो याचा अर्थ बॅटरी लवकर भरते असा नाही, हंडा आटून तांब्या झालाय असा आहे. तांब्या भरायला किती वेळ लागणार?

मला पटलं का? अजिबात नाही. मला वाटलं, याला नवी बॅटरी विकायची आहे. मी तसं तोंडावर म्हटलंही. चाचा रागावले नाहीत. म्हणाले, बाजाराच्या दिवशी मी भरलेल्या बॅटऱ्या घेऊन टेम्पोने वेल्ह्याला येतो, तुमच्या वाडीपर्यंत चक्कर मारीन, बघून सांगीन. नवी लागली तर माझ्याकडून घेऊ नका, कुठूनही घ्या. मला त्यातही गोडबोलेपणा वाटला. पण परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

बाजाराच्या दिवशी दुपारी टेम्पो वाडीत आला. चाचा खाली उतरले, एका हातात पांढरा कॅन, दुसऱ्या हातात काचेची नळी. पेटी उघडायची तर दोन किल्ल्या पाहिजेत. माझी किल्ली पदराच्या गाठीला होती. दुसरी आणायला आत्याबाईंना पाठवलं. अक्का स्वतः आल्या, मुलीला कडेवर घेऊन. कितीतरी दिवसांनी त्या ओटीवर उभ्या होत्या. त्यांचं कुलूप लगेच उघडलं. माझं पितळी कुलूप मात्र अडकलं होतं. चाचांनी रॉकेल सोडून, ठोकून ठोकून ते काढलं.

झाकण उचललं आणि आतून आंबट, कुबट वाफ आली. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला होता, चुन्याच्या डबीसारखा. चाचांनी एकेक झाकण फिरवून काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. पाणी पार खाली गेलेलं. आतल्या काळ्या पट्ट्या निम्म्याहून जास्त उघड्या पडलेल्या, वरून पांढऱ्या पडून वाळलेल्या. सहाच्या सहा घरं तशीच. काचेच्या नळीने त्यांनी काही बघितलं, मान हलवली. मग मला दिवा लावायला सांगितलं आणि वायरीवरून बोटं फिरवत मागच्या खोलीपर्यंत गेले. नवऱ्याने पीळ घातलेल्या जोडापाशी थांबले, पिशवी काढली आणि म्हणाले, "हितं हात लावा."

मी हात लावला. जोड कोमट लागत होता. माझ्या अभ्यासाचा उजेड त्या पिळात ऊन होऊन उडून जात होता. पुढे दिव्यापर्यंतची वायर इतकी बारीक की निम्मं बळ तीच खात होती, म्हणून माझा दिवा पिवळा. अक्कांच्या घराला जुनीच जाड वायर होती, म्हणून त्यांचा पांढरा. पीळ घालणारा माझाच नवरा, आणि दिवा लागला म्हणून टाळ्या वाजवणारी मीच.

अक्कांचे यजमान, म्हणजे माझे दीर, तोपर्यंत शेतावरून आले होते. त्यांनी विचारलं, कुणी वीज खाल्ली होती का? चाचा म्हणाले, "कुणी खाल्ली न्हाई. कुणी उघडलंच न्हाई, म्हनून वाळली." आणि मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, दर महिन्याला दोन घोट पाणी घातलं असतं तर अजून तीन वर्षं चालली असती असं म्हणाले.

दोन घोट पाणी. कुलपाला दोन किल्ल्या होत्या आणि दर महिन्याला अमावस्याही येत होती. पण पेटी उघडायची म्हटलं तर मला अक्कांना हाक मारावी लागली असती, त्यांना मला. मी हाक मारली नाही, कारण त्या आत काहीतरी करतील असा वहीम. त्यांनी मारली नाही, कारण मी काय अर्थ लावीन याची धास्ती. त्यात बॅटरी तहानेने गेली.

चाचांनी कॅनमधलं पाणी सहाही घरांत घातलं, टोकं घासून काढली, ग्रीस लावलं, जोड नव्याने घट्ट केला आणि वायर बदलली. निम्मी परत येईल म्हणाले, वाळलेला भाग गेला तो गेला. पाण्याचे आणि वायरीचे पैसे घेतले, नवी बॅटरी विकण्याचा विषयही काढला नाही. टेम्पो खाली उतरून गेला.

ओटीवर आम्ही उरलो. मी माझं कुलूप हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, अक्का, हे आता परत लावणार नाही. माझं चुकलं. मी तुम्हाला भंडारा उचलायला लावला, मुलीच्या तापाचं बोलले, माझी जीभ झडायला पाहिजे होती. मी रडत होते. पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या.

मग त्यांनी आपलं कुलूप घेतलं, झाकण लावलं, कडीत कुलूप अडकवलं आणि दाबून बंद केलं. किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "परत कमी पडलं तर म्या घेतलं न्हाई, एवढं तरी तुला कळंल."

त्याच दुपारी त्यांनी माझ्या दिरांना सांगून आपल्या घराची वायर काढून घेतली. समजूत घालायला मी आत्याबाईंना पाठवलं, शनिवारी नवऱ्याला पाठवलं. दीर विरघळले होते, पण अक्का नाही म्हणाल्या. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नाही एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घरात पुन्हा चिमणी लागू लागली.

निम्मी बॅटरी एका दिव्याला पुरेशी होती. माझा दिवा आता पांढरा लागायचा आणि जेवणानंतर अडीच तास सहज चालायचा. इतका चांगला उजेड मला वाटणीनंतर कधी मिळाला नव्हता. त्या उजेडात मी गणित केलं, भूमिती केली, इतिहासाच्या सनावळ्या घोकल्या. भिंतीच्या वर, कौलाखाली जी फट होती तिथून पलीकडचा तांबडा उजेड आणि रॉकेलचा वास यायचा. मी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे, तरी नाकाला कोण काय करणार?

मी पास झाले. गणितात काठावर, पण पास. निकालाच्या दिवशी वेल्ह्याहून पेढे घेऊन आले आणि सगळ्यात आधी पलीकडच्या घरात गेले, मागच्या दाराने. अक्का भाताचं बियाणं निवडत बसल्या होत्या. मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो निम्मा मोडून मुलीला दिला, निम्मा तोंडात टाकला. चांगलं झालं म्हणाल्या. मग सुपातलं भात पाखडत, वर न बघता त्यांनी विचारलं, "बॅटरी पुरली ना गं तुला शेवटपातूर?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या मनापासून विचारत होत्या, की मला बोलत होत्या, मला कळेना. पुरली म्हटलं आणि उठून आले. पुढे वाडीत वीज आली, मी सेविका झाले, त्यांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली. आमचं येणं-जाणं सुरू झालं, सणावारी ताटं इकडून तिकडे जातात. पण अजूनही त्या माझ्याशी काहीही गोड बोलल्या की मी त्याचा अर्थ शोधत बसते, आणि मला तो सापडत नाही.